नीट न ओढला जाणारा पाइप: दोष कसा शोधावा आणि कसा दूर करावा

पाइप ओढायला नुकतीच सुरुवात केलेला माणूस तक्रार घेऊन येतो, तेव्हा ती बहुधा चारांपैकी एक असते: पाइप सारखा विझतो, ओढताना नळीत पाणी गुडगुडते, जीभ चुरचुरते, किंवा गाल आत जाईपर्यंत ओढले तरी पुरेसा धूर येत नाही. अशा वेळी दुकानदार नवा, अधिक महाग पाइप दाखवतो आणि हाताशी ड्रिल असलेला एखादा मित्र भोक मोठे करून देण्याची तयारी दाखवतो. माझा अनुभव असा आहे की या दोन्हींची गरज क्वचितच पडते. दोष बहुतेक वेळा हवेच्या वाटेत किंवा ओलाव्यात असतो आणि ठरावीक क्रमाने तपासले तर तो अर्ध्या तासात सापडतो. क्रमाचा आग्रह एवढ्यासाठी धरायचा की तंबाखू बदलता येते, ती भरण्याची पद्धत बदलता येते, पण एकदा कोरून टाकलेले लाकूड परत येत नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. माझे काका महूच्या छावणीत नोकरीला होते आणि त्यांच्यामागे त्यांचा सरळ दांड्याचा पाइप माझ्याकडे आला. तो मी पहिल्यांदा ओढला तेव्हा जुलै महिना होता, इंदुरात आठवडाभर पावसाची झड लागली होती आणि तंबाखूचा डबा टेबलावर उघडाच राहिला होता. पाइप दर दोन मिनिटांनी विझू लागला, म्हणून मी घाईने साडेचार मिलिमीटरचे ड्रिल त्याच्या भोकातून फिरवले. दिवाळीच्या सुमारास तीच तंबाखू सुकल्यावर दुसऱ्या एका साध्या पाइपात शेवटपर्यंत शांतपणे जळली. काकांच्या पाइपातून मात्र आजही प्रत्येक झुरक्याबरोबर तंबाखूचे कण तोंडात येतात. पाइपमध्ये काहीही बिघाड नव्हता. तंबाखू ओली होती.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पाइपचा धूर छातीत न घेता तोंडातच फिरवला जातो, म्हणून तो निर्धोक असतो, हा समज चुकीचा आहे; तोंड, जीभ, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यासही मनाई आहे. ज्यांनी कधी तंबाखूला हात लावलेला नाही, त्यांनी या लेखामुळे तो लावू नये. ज्यांच्याकडे घरातील वडीलधाऱ्यांचा पाइप केवळ आठवण म्हणून आहे, त्यांना सफाईचा आणि जपणुकीचा भाग पाइप न ओढताही उपयोगी पडेल.

भागांची नावे

तंबाखू जिथे जळते तिला या लेखात वाटी म्हटले आहे, वाटीपासून निघणाऱ्या लाकडी भागाला दांडा आणि तोंडात धरायच्या भागाला मुखनळी. मुखनळीच्या टोकाला सुतारकामातल्यासारखे कुसू असते आणि ते दांड्यातील खोबणीत घट्ट बसते. वाटीच्या तळापासून ओठांपर्यंत जे सलग भोक जाते ती हवेची वाट.

चांगले पाइप बहुधा ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका अर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी जी कठीण गाठ येते, तिला ब्रायर म्हणतात. ती कित्येक तास उकळून आणि मग दीर्घकाळ वाळवून तिचे पाइप कोरले जातात, आणि हा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सँ-क्लोद या गावात वाढला. तुर्कस्तानातील एस्किशेहिरजवळ मिळणाऱ्या मिरशॉम या पांढऱ्या, हलक्या खनिजाचेही पाइप होतात, आणि अमेरिकेतील मिसुरी राज्यात मक्याच्या कणसाचे. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या इंदूरकराला कणसाचा गाभा इतका टिकाऊ असेल हे पटत नाही, पण त्यासाठी जाड आणि कठीण गाभ्याचा मका मुद्दाम पिकवून तो चांगला वाळवतात, आणि नवशिक्याने सुरुवात त्याच स्वस्त पाइपाने करावी असे माझे मत आहे. आपल्याकडे हस्तकलेच्या दुकानांत मिळणाऱ्या शिसवी पाइपांबद्दल मात्र सावध राहावे. त्यांतील पुष्कळसे शोभेसाठी केलेले असतात, वाटीच्या आतही चकचकीत वॉर्निश मारलेले असते, आणि वाटीला पितळेचे अस्तर असेल तर ती काही झुरक्यांतच हातात धरवत नाही. आतले वॉर्निश पॉलिश पेपरने पूर्ण काढल्याशिवाय असा पाइप पेटवू नये.

पहिली पायरी: रिकामा पाइप तपासणे

पाइप पूर्ण थंड असताना वाटीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबावा आणि मुखनळीतून हवा ओढावी. तळहाताची कातडी आत ओढली गेली आणि हवा जराही आली नाही, तर सांधे घट्ट आहेत. हवा येत राहिली तर ती कुसवाच्या सांध्यातून किंवा दांड्याच्या बारीक तडीतून येत आहे, आणि अशा पाइपात झुरका जळत्या तंबाखूपर्यंत पोहोचतच नाही. तड डोळ्यांना दिसत नसेल तर दांडा किंचित ओला करून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहावा. पाणी तडीत शिरते आणि केसासारखी काळी रेघ उमटते.

यानंतर मुखनळी न काढता एक पाइप क्लीनर, म्हणजे कापसाचे तंतू गुंडाळलेली बारीक तार, ओठांच्या बाजूने आत सारावी. ती न अडखळता वाटीच्या तळाशी बाहेर आली पाहिजे. खजुरी बाजारातील स्टेशनरीच्या दुकानांत मुलांच्या हस्तकलेसाठी अशाच दिसणाऱ्या रंगीत, झुपकेदार तारा मिळतात. त्या वापरू नयेत, कारण त्यांचे तंतू कृत्रिम असतात, ओलावा शोषत नाहीत आणि उष्णतेने वितळतात. तार मध्येच अडली तर ती नेमकी कुठे अडते ते बोटाने धरून मोजावे. वाकड्या पाइपात ती बहुधा दांडा आणि मुखनळी यांच्या सांध्यापाशी अडते, कारण दोन्हींकडची भोके तिथे समोरासमोर येत नाहीत. ज्या पाइपातून तार सरळ जात नाही, त्यात धूर वळणावर आपटतो, थंड होतो आणि पाणी सोडतो.

आता मोबाइलचा दिवा वाटीत धरून हवेचे भोक कुठे उघडते ते पाहावे. ते अगदी तळाशी आणि मध्यभागी असावे. ते तळापासून चार-पाच मिलिमीटर वर असेल, तर त्याखालची तंबाखू कधीच जळत नाही. ती वरून येणारा ओलावा पिऊन चिखलासारखी होते आणि प्रत्येक वेळी शेवटचा तिसरा भाग आंबट, कडवट लागतो. हा घडणीचा दोष आहे, पण त्यावर उपाय आहे आणि तो पुढे सांगितला आहे.

भोकाचा व्यास साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असावा. इथे थोडे थांबून हिशेब समजून घेण्यासारखा आहे. अरुंद नळीतून शांतपणे वाहणाऱ्या हवेचे प्रमाण व्यासाच्या चौथ्या घाताने बदलते. म्हणजे व्यास तीनवरून चार मिलिमीटर झाला, तर तेवढ्याच जोराच्या झुरक्याला तिपटीहून थोडी अधिक हवा येते. म्हणूनच पाव मिलिमीटर जाडीचे कीट भोकात सर्व बाजूंनी बसले तरी पाइप ओढायला एकदम जड वाटू लागतो, आणि म्हणूनच ते काढल्यावर नवा पाइप घेतल्यासारखे वाटते. पण याच कारणाने चार मिलिमीटरच्या पुढे जाणे घातक आहे, कारण हवा फार मोकळी झाली की तंबाखू भडकून जळते, वाटी तापते आणि जीभ भाजते.

शेवटी मुखनळी काढून सांध्याची खोली मोजावी. आगपेटीतील काडी खोबणीत तळापर्यंत घालून तिच्यावर नखाने खूण करावी आणि ती काडी कुसवाशेजारी धरावी. कुसू आणि खूण यांच्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक असेल तर चिंता नाही. चार-पाच मिलिमीटरची पोकळी असेल, तर गुडगुडण्याचे मूळ तिथे आहे: अरुंद वाटेने आलेला धूर त्या पोकळीत पसरतो, मंदावतो आणि त्यातील वाफेचे पाणी तिथे साचते. इंदुरात जानेवारीच्या रात्री गॅलरीत बसून ओढणाऱ्यांना हा त्रास अधिक जाणवतो, कारण दांडा थंड असतो. यात दोन अपवाद आहेत. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसन यांनी १८९० च्या दशकात ज्या रचनेची पेटंटे घेतली, त्या पाइपांत पाणी साठवण्यासाठी दांड्यात मुद्दाम विहीर ठेवलेली असते. ती बुजवू नये, तर ओढून झाल्यावर पालथी करून रिकामी करावी. दुसरा अपवाद नऊ मिलिमीटरच्या फिल्टरचे पाइप. त्यात फिल्टर घातलाच नाही तर त्याची संपूर्ण जागा रिकामी राहते आणि पाइप ओला होतो. नवशिक्यांकडून ही चूक फार होते, आणि तिचा उपाय एक फिल्टर किंवा त्या जागेत बसणारे अडॅप्टर, इतकाच आहे.

दुसरी पायरी: तंबाखूचा ओलावा

पाइप निर्दोष ठरला तर तंबाखूकडे वळावे. चिमूटभर तंबाखू अंगठा आणि दोन बोटे यांत दाबून सोडावी. ती गोळा होऊन तशीच राहिली तर ओली आहे. कुरकुरून भुगा झाली तर फार सुकी आहे. दाबलेली तंबाखू हळूहळू उलगडत गेली आणि बोटांना थंड, ओलसर वाटली नाही, तर ती भरण्यायोग्य आहे. तंबाखू जळताना स्वतःतील पाणी तर सोडतेच, पण जळण्याच्या क्रियेतही पाणी तयार होते. त्यामुळे कितीही सुकी तंबाखू घेतली तरी थोडा ओलावा राहणारच.

माळव्याच्या हवेत हा ओलावा ऋतूप्रमाणे सांभाळावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत उघडी ठेवलेली तंबाखू पाहता पाहता कोरडी पडते, त्यामुळे लागेल तेवढीच डब्याबाहेर काढावी आणि दर पाच-सात मिनिटांनी चिमटीत घेऊन पाहावी. जुलै-ऑगस्टमध्ये ती तासभर पसरून ठेवूनही सुकत नाही, उलट हवेतील दमटपणा घेते. अशा वेळी एका वेळेची तंबाखू ताटलीत पातळ पसरून टेबलावरच्या दिव्याखाली ठेवावी. व्हॅनिला, चेरी अशा सुगंधी तंबाखूत ओल धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे ती बोटांना सुकी वाटली तरी वाफ अधिक सोडते. सुगंधी तंबाखूनेच सुरुवात करणाऱ्यांची जीभ सर्वाधिक चुरचुरते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. जिभेला ही वाफ भाजते. तंबाखूचा कडकपणा त्यात फार थोडा असतो.

तिसरी पायरी: भरणे, पेटवणे आणि ओढणे

वाटी एकदम दाबून भरू नये. पहिला थर वरून नुसता सोडावा आणि पाइप बोटाने हलकेच ठोकून बसू द्यावा. दुसरा थर घालून हलका दाब द्यावा आणि तिसऱ्या थराला त्याहून किंचित अधिक. वर काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवावी, कारण पेटताना तंबाखू फुगते. न पेटवता एक झुरका घेऊन पाहावा. रिकाम्या पाइपापेक्षा किंचितच जड लागला पाहिजे. जाड द्रव पदार्थ नळीने ओढावा तसा जोर लागत असेल, तर सगळी तंबाखू काढून पुन्हा भरावी. वरून टोचून वाट करण्याचा प्रयत्न केल्यास वरचा चुरा तळाच्या भोकात जाऊन बसतो आणि अडचण वाढते.

पेटवण्यासाठी आगपेटीच उत्तम, आणि काडीच्या टोकाचा गुल पूर्ण जळून जाईपर्यंत दोन सेकंद थांबावे, म्हणजे त्याचा वास तंबाखूत उतरत नाही. पेट्रोलच्या लायटरचा वास उतरतोच. पहिल्या काडीने पूर्ण पृष्ठभागावर ज्योत फिरवून लहान लहान झुरके घ्यावेत. तंबाखू फुगून वर येईल आणि बहुधा विझेल. हा दोष नव्हे. वरची राख सपाट टोकाच्या दाबणीने अलगद समतल करावी आणि दुसरी काडी लावावी. खरे पेटणे ते हेच. यापुढे झुरका इतका सावकाश घ्यावा की विस्तव जेमतेम जिवंत राहील. वाटी गालाला लावून पाहावी, आणि ती गालाला सहन होत नसेल तर पाइप खाली ठेवून विझू द्यावा. एका वाटीला दोन-चार वेळा पुन्हा काडी लावावी लागणे हे सर्वस्वी सामान्य आहे. पाइप विझू नये म्हणून घाईघाईने ओढत राहणे, हेच माझ्या पाहण्यात नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारींचे कारण आहे; घाईने विस्तव भडकतो, वाफ वाढते, पाणी साचते आणि मग पाइपला दोष दिला जातो. मध्येच गुडगुडू लागले तर पाइप क्लीनर ओठांच्या बाजूने आत सारून, दहा सेकंद ठेवून, बाहेर काढावा. गरम पाइपची मुखनळी मात्र पिरगाळून काढू नये. सैल झालेले कुसू आणि तडकलेले दांडे बहुधा याच सवयीचे फळ असतात.

चौथी पायरी: जुन्या पाइपची सफाई

वाटीच्या भिंतीवर हळूहळू कोळशाचा थर धरतो. एक मिलिमीटरच्या आसपासचा थर लाकडाचे रक्षण करतो. तो रुपयाच्या नाण्याहून जाड झाला तर तापल्यावर फुगून वाटी फोडू शकतो. काकांच्या पाइपात पहिल्यांदा करंगळी घातली तेव्हा ती पेरापर्यंतही गेली नव्हती, इतका हा थर वाढला होता. तो काढण्यासाठी चाकू वापरू नये, कारण चाकू एका बाजूला खोल जातो आणि गोल वाटी लंबगोल होते. जाड पेनावर किंवा लाकडी दांडीवर पॉलिश पेपर गुंडाळून, सावकाश फिरवत, थर सर्वत्र सारखा उतरवावा आणि पातळसा राहू द्यावा.

मुखनळी कीट सुकून खोबणीत चिकटली असेल, तर पाइप प्लास्टिकच्या पिशवीत घालून वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावा. मुखनळीचे एबोनाइट, म्हणजे कडक केलेले रबर, लाकडापेक्षा अधिक आकसते आणि पकड सुटते. मग एकाच दिशेने, न झटकता फिरवावी.

आतील कीट काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. ते दवा बाजारात मिळते आणि जेल रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतही मिळते, कारण सर्किट पुसण्यासाठी ते वापरतात. रंगकामाचे किंवा स्टोव्हचे स्पिरिट वापरू नये. त्यात मिथेनॉल असू शकते, आणि ही वस्तू तोंडात धरायची आहे. पाइप क्लीनर त्यात बुडवून दांड्यातून फिरवावा. पहिले चार-पाच डांबरासारखे काळे निघतील, पुढचे चहाच्या रंगाचे, आणि फिका पिवळा रंग आला की थांबावे. वाटीला जुना वास असेल तर ती कापसाने सैलसर भरून ड्रॉपरने अल्कोहोल कापूस भिजेपर्यंत सोडावे आणि पाइप रात्रभर उभा ठेवावा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसतो, कारण लाकडातील कीट त्यात उतरते. कापसाऐवजी मीठ वापरण्याची जुनी पद्धत आहे, पण मीठ दांड्यात उतरले तर लाकूड तडकू शकते, म्हणून मी ती टाळतो. त्यानंतर पाइप पाच-सहा दिवस मोकळ्या हवेत सुकू द्यावा आणि तोपर्यंत त्याच्याजवळ काडी पेटवू नये. अ‍ॅक्रिलिकच्या मुखनळीला अल्कोहोलने बारीक भेगा पडू शकतात. ती कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी. एबोनाइटला याउलट अल्कोहोल चालते, पण गरम पाण्याने त्याचा काळा रंग उतरून हिरवट-तपकिरी होतो.

पाचवी पायरी: दुरुस्ती, आणि तीही शेवटी

वरच्या चारही पायऱ्या झाल्यावर पाइप जडच राहिला, तरच हत्यार हाती घ्यावे. भोक तीन मिलिमीटरचे असेल तर साडेतीनचे ड्रिल बोटांत धरून, यंत्राशिवाय, दांड्याच्या बाजूने हळूहळू फिरवावे आणि दर दोन फेऱ्यांनी भुसा काढावा. मुखनळीचे भोक तोंडाकडे चपटे होत जाते, त्यामुळे तिथे ड्रिल न वापरता बारीक गोल कानस वापरावी.

भोक तळापासून वर उघडत असेल तर तळ उचलायचा असतो. त्यासाठी सिगारची बारीक राख थोड्या पाण्यात कालवून मेणासारखा घट्ट लगदा करावा, भोकात पाइप क्लीनर घालून ठेवावा म्हणजे ते बुजणार नाही, आणि लगदा बोटाने तळाशी बसवून भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आणावा. दोन दिवस सुकल्यावर तो कडक होतो. काही महिन्यांनी झिजला तर पुन्हा भरावा.

दांड्याला उभी तड असेल तर तिच्या शेवटी सुईएवढे छिद्र पाडले म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग तडीत बाहेरून पातळ चिकटद्रव्य सोडून वर धातूचे कडे बसवावे. सराफ्यात चांदीकाम करणाऱ्या कारागिराला दांडा दाखवला तर तो त्या मापाचे कडे करून देतो. मी असे एक करून घेतले आहे, आणि त्या पाइपची तळहाताची परीक्षा आजही उत्तीर्ण होते. वाटीच्या आत मात्र कोणतेही चिकटद्रव्य लावू नये. वाटीची भिंत एके ठिकाणी काळी पडून बाहेरून नखाने दबत असेल, तर लाकूड आरपार जळत आले आहे आणि तो पाइप ओढण्याचे थांबवावे.

ज्या पाइपचा वापर चालू आहे त्याला प्रत्येक वेळेनंतर निदान एक दिवस विश्रांती द्यावी, आत एक पाइप क्लीनर ठेवून, वाटी खाली आणि मुखनळी वर अशा स्थितीत. पावसाळ्यात दोन दिवसही कमी पडतात. आठवण म्हणून ठेवलेला पाइप सफाईनंतर पूर्ण सुकवून सुती कापडात गुंडाळावा आणि उन्हापासून दूर, कपाटाच्या वरच्या, कोरड्या फळीवर ठेवावा, कारण उजेडाने एबोनाइटचा रंग जातो; हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घातल्यास ऑगस्टपर्यंत वाटीत बुरशी धरते.